चुलीवर वाळवलेला तंबोरा

ये गो, जवळ ये अशी. आणि आधी बूड टेक कुठंतरी. उभ्या उभ्या कागद वाचायचा, एका हातानं केस बांधायचे आणि तोंडात कसली तरी तान घोळवत राहायची, ही तुझी जुनी खोड. दोन महिन्यांत तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा काय, तर "काकी, बरी हायस ना? जेवलीस ना? ठेवू मग?" अगं, माणसाला बरी आहे म्हणायला तरी सवड द्यावी. फोनवर माझं एक वाक्य पुरं होत नाही, म्हणून हे लिहायला बसले. कागदावर कुणी मध्येच "ठेवू का" म्हणत नाही.

माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. चौथीपर्यंतची शाळा, ती पण भाताच्या आवणी-कापणीचे दिवस सोडून. पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्यांवरून शिकले. साखर डब्यात ओतली की पुडीचा कागद सरळ करायचा आणि वाचायचा. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, पुढचं काय झालं ते दुसऱ्या पुडीत सापडलं तर सापडलं. तेव्हा माझ्या लिहिण्यात मध्येच काही सुटलं तर समजून घे.

यातलं पुष्कळ तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं माहीत आहे. आणि हा कागद दुसऱ्या कुणाच्या हातात पडला तर त्याला काहीच माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. सांगायची गोष्ट तशी एकच. भात झोडायच्या दिवशी तू पुण्याहून बॅग घेऊन खळ्यात येऊन उभी राहिलीस आणि मी तुला तासाभरात परत गाडीत बसवलं. ते का, ते मी तुला आजवर सांगितलेलं नाही.

तू आमच्याकडं आलीस तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा दीर, वाशिंदला कारखान्यात होता. एका खोलीत ती दोघं, तू, तुझ्या पाठची दोन. तुझी आई म्हणाली, "वयनी, हिला तुमच्याकडं ठेवा. शाळा गावाला करील." मला मूल नाही. मी काय नाही म्हणणार होते? डोळखांबच्या अलीकडं आमचं घर, कुडाच्या भिंती, वर कौलं, मागं चिकूचं झाड. सात वर्षांची तू, एक फ्रॉक अंगात, एक पिशवीत. पहिल्या दिवशी जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी मला विचारलंस, "काकी, ती गिरण कवा चालू होते?"

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर भाताची गिरणी होती. डिझेलचं इंजिन. ते सुरू झालं की आम्ही कपाळाला आठ्या घालायचो, आणि तू खेळ टाकून पळायचीस. गिरणीच्या पत्र्याला पाठ लावून उभी राहायचीस आणि इंजिनाच्या सुरात सूर लावायचीस. शब्द नाही, गाणं नाही, नुसतं "आऽऽ". इंजिन एका सुरात, तू पण एका सुरात. मग तू जरा वर सरकायचीस, तिथं थांबायचीस, परत खाली यायचीस. गिरणीवाला एकदा माझ्याकडं तक्रार घेऊन आला.

"वयनी, तुमची पोरगी माझ्या इंजिनाशी भांडते."

"हरतं का तुझं इंजिन?"

"तसं नाय. पण काल ती गप बसली आणि मला वाटलं इंजिनच बिघाडलं. उतरून बघितलं मी."

हे मी तुझ्या काकांना सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता हसले आणि त्यांना ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी ते गिरणीवर गेले, तुला न कळता मागं उभे राहिले, आणि घरी येऊन म्हणाले, "हिला कुठंतरी दाखवायला पायजे." जसं काही दुखत होतं तुझं.

दाखवलं मग. शहापूरला एक मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले, पेटी आणि गाणं शिकवायचे. किन्हवलीला शाळांच्या कार्यक्रमात ते पेटीवर बसले होते, तिथं त्यांनी तुला ऐकलं होतं. म्हणाले, दर शनिवारी-रविवारी आणा. आता आठ वर्षांची पोर येस्टीनं एकटी कशी जाणार? म्हणून मी. दोन दिवस सकाळची गाडी. मला नुसतं बसणं जमत नाही, म्हणून पदरात वाल घेऊन जायचे. तुम्ही सा रे ग म करायचात आणि मी कोपऱ्यात वाल सोलायचे. मास्तर तुझ्या तानेला कंटाळले की म्हणायचे, "बाईंच्या वाल सोलण्याला लय आहे. तुझ्या तानेला नाही. जा, जरा त्यांच्याशेजारी बसून ये." तू रुसून माझ्या मांडीजवळ येऊन बसायचीस आणि माझे वाल सांडायचीस.

अशी सात-आठ वर्षं वाल सोलले मी त्या खोलीत. रागांची नावं मला पाठ झाली नाहीत. पण कुठला संध्याकाळचा, कुठला पहाटेचा, कुठला ऐकल्यावर घरी जावंसं वाटतं, एवढं कळायला लागलं. येताना गाडीत तुला म्हणायचे, "तो आजचा घरी जायचा होता ना?" तू म्हणायचीस, "काकी, त्याला नाव हाय." मी म्हणायचे, असू दे.

मास्तरांच्या खोलीत कोपऱ्यात एक तंबोरा होता. निळ्या गवसणीत. गवसणी म्हणजे वाद्याचं झबलं, एवढं मी तिथंच शिकले. तो त्यांच्या बायकोचा. त्या गायच्या. बाई गेल्यावर मास्तरांनी तो कुणाला लावू दिला नाही, तू पण पेटीवरच शिकलीस. तू पंधराची झालीस तेव्हा एका रविवारी त्यांनी आपल्या हातानं गवसणी काढली, तारा लावल्या, आणि तुझ्या मांडीवर ठेवला. त्या दिवशी तू एकच सूर लावलास आणि थांबलीस. डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलंस. मला कळलं तुला काय आठवलं ते. गिरण.

आता माझ्या करणीकडं येते.

त्या वर्षी पावसाळ्यात मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नाशिकला लेकीकडं निघाले. दोन महिने लागणार होते. त्यांचं घर बंद राहणार, म्हणून तंबोरा तुझ्याकडं दिला. दिला म्हणजे सांभाळायला दिला. मला अंगणात बोलावून म्हणाले, "बाई, एकच सांगतो. याला ओल लागू देऊ नका." मी म्हटलं, काळजी करू नका.

आपल्याकडचा आषाढ तुला माहीत आहे. कुडाची भिंत हाताला ओली लागते. अंथरूण ओलं, मीठ ओलं, काडेपेटी कमरेला बांधून ठेवावी लागते. तंबोरा मी आधी खोलीत खुंटीला टांगला, तर तिसऱ्या दिवशी गवसणीवर बुरशी. कपाटात ठेवला, तर कपाटालाच पाणी सुटलेलं. तेवढ्यात तुझ्या धाकट्या बहिणीला ताप आला आणि तू आठ दिवस वाशिंदला गेलीस. मी एकटी त्या तंबोऱ्यासमोर उभी. ओल लागू देऊ नका. तुला सांगते, त्या एका वाक्यानं माझी झोप गेली होती.

मग मी काय केलं? आमच्या घरात जे जे मोलाचं असतं ते पावसात कुठं ठेवतात? चुलीवरच्या माळ्यावर. भाताचं बियाणं तिथं, वाल तिथं, आंबोशी तिथं, सुके बोंबील तिथं. खालून धूर लागत राहतो, कीड नाही, बुरशी नाही. माझ्या सासूनं तेच केलं, माझ्या आईनं माहेरी, वैशाखऱ्याला, तेच केलं. मी गवसणी काढून धुवून टाकली, तंबोरा पदरानं पुसला, आणि शिडीवर चढून बियाण्याच्या कणगीशेजारी नीट आडवा ठेवला. खाली पेंढा घातला, त्याला रुतू नये म्हणून. इतकं समाधान वाटलं मला. त्या रात्री मी घोरले, असं तुझे काका म्हणाले.

पाचव्या दिवशी भाकऱ्या करत होते. वरून आवाज आला. टक्क. सुपारी फुटावी तसा. मला वाटलं उंदीर. मग लगेच एक तार वाजली, आपोआप. माझा हात पिठातच राहिला.

खाली काढला तर भोपळ्याला भेग. दांडीपासून खाली, माझ्या वितीपेक्षा लांब. दांडीशी सरसानं जोडलेलं होतं तिथंही सुटत आलेलं. आणि वास, काय सांगू, धुराचा आणि बोंबलांचा. मी तो मांडीवर घेऊन चुलीपुढं बसले. भाकरी जळाली. तुझे काका आत आले, त्यांनी भाकरी बघितली, तंबोरा बघितला, माझं तोंड बघितलं.

"ओल तर नाय ना लागली?" ते म्हणाले.

असा माणूस. मला हसू पण आलं आणि रडू पण आलं.

सुताराकडं न्यायची मला भीती वाटली. तो खिळा ठोकेल. मग आठवलं, माझ्या माहेरी वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीत एक म्हातारा बाबा होता. मध काढायचा आणि भोपळ्याची भांडी करायचा, पाण्याची, बियाण्याची, आणि फुंकून वाजवायचं वाद्य पण. भोपळा फुटला तर तो मेणानं सांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबोरा गोधडीत गुंडाळला, वरून इरलं घातलं आणि निघाले. शहापूर, तिथून मुरबाड, तिथून घाटाची गाडी. मुरबाडच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, गोधडीत काय हाय?"

म्हटलं, "लेकरू."

"मोठं हाय. तिकीट लागंल."

"अजून बोलत नाय रे. बोलायला लागलं की काढीन."

तो हसला आणि पुढं गेला. आणि मी खिडकीकडं तोंड करून बसले, कारण खरंच ते आता कधी बोलेल की नाही ते मला ठाऊक नव्हतं.

बाबानं भोपळा हातात घेऊन बोटानं वाजवून बघितला. आतून वास घेतला. म्हणाला, "पिकलेला भोपळा हाय. चांगल्या वेलावरचा. यात पाणी नाय ठेवलंत ना कवा?" म्हटलं, यात पाणी ठेवत नाहीत, यात सूर असतो. तो म्हणाला, "मंग तर बारीक सांधायला पायजे. पाणी जाड असतं." मेण आणि राळ एकत्र तापवून त्यानं ती भेग आतून-बाहेरून भरली, काथ्याच्या दोऱ्यानं आवळून बांधली आणि दिवसभर सावलीत ठेवली. दांडीचा सांधा पण त्यानं सरस लावून बसवला. मी दिवसभर त्याच्या अंगणात बसले. त्यानं मला चहा दिला, मी त्याच्या नातीच्या डोक्यातल्या उवा काढून दिल्या.

तू वाशिंदहून आलीस त्याच्या आदल्या दिवशी मी घरी पोचले. तंबोरा गवसणीत घालून खुंटीला टांगला. मला वाटलं, सांगू या. मग वाटलं, बघू या, कदाचित कळणार नाही. तू हातपाय धुतलेस, गवसणी काढलीस, आणि पहिल्यांदा नाक वर केलंस.

"काकी, बोंबील भाजलेस?"

तू तंबोरा फिरवलास आणि ती पिवळी भेग तुला दिसली. मला वाटलं आता ही ओरडेल. तू खाली बसलीस, तारा लावल्यास, खूप वेळ लावल्यास. मग एकेक तार छेडत कान भोपळ्याला लावलास. मी चुलीकडं पाठ करून उभी, जसं काही चुलीचीच सगळी चूक. शेवटी तू म्हणालीस, "वाजतोय." बस. आणि मला बोलली नाहीस त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मागं येऊन म्हणालीस, "माळ्यावरनं पडली असतीस म्हंजे?"

मास्तर परत आले तेव्हा मी एकटीच तंबोरा घेऊन शहापूरला गेले. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांच्या डोळ्याला हिरवी पट्टी होती, त्यामुळं त्यांनी भेग बोटांनी चाचपली. मेणावरून अंगठा फिरवला. मग चारही तारा छेडल्या आणि ऐकत बसले. म्हणाले, "पहिला आवाज गेला. हा दुसरा आहे. वाईट नाही." जरा वेळानं म्हणाले, "आमची ही पण सारखी चुलीपुढं असायची. तिथंच गुणगुणायची." आणि तंबोरा परत माझ्या हातात दिला. "पोरीला द्या. आता तिचाच."

मी उठले, तेव्हा ते आणखी एक बोलले. सहज बोलले, टोचून नाही. "भोपळा सांधता येतो, बाई. गळा नाही येत."

मास्तर विसरले असतील ते. मी विसरले नाही. गाडीत बसले तेव्हापासून एकच डोक्यात. पाच दिवसांच्या धुरानं एवढा टणक भोपळा फुटला. आणि ही पोर आठ वर्षं त्याच चुलीशेजारी झोपते, त्याच धुरात उठते, पहाटे मी पाणी तापवते तेव्हा खोकत खोकत सा लावते. आम्हाला काय, आमचे गळे हाका मारायला. पण हिचा?

त्यानंतर दोन वर्षांनी मास्तरांनी तुझ्यासाठी पुण्याच्या एका गाणाऱ्या बाईंकडं शब्द टाकला. त्यांच्या घरी राहून शिकायचं, पाच-सहा वर्षं तरी. तुझा बाप वाशिंदहून भांडायला आला. त्याला तुझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, भिवंडीकडचं, चांगलं होतं.

"कुणाच्या घरची भांडी घासायला पाठवायची का पोरीला?" तो म्हणाला.

"हितं काय सोन्याची घासते?" मी म्हटलं.

"वयनी, तुमी मध्ये पडू नका. मुलगी माझी हाय."

ते मला लागलं. लागणारच. तुझे काका कधी भावाशी वर आवाजात बोलले नाहीत, ते त्या दिवशी म्हणाले, "जन्म तू दिलास. पोरीचा खोकला रात्री जागून हिनं काढला. तिला बोलू दे." तू पडवीत बसून सगळं ऐकत होतीस. नंतर मला म्हणालीस, काकी, मला जायचंय पण तुला सोडून नाय जायचंय. मी म्हटलं, दोन्ही एकदम कसं होईल. आणि तुझी कपड्यांची पेटी भरायला घेतली.

तू गेलीस. पहिल्या वर्षी किती पत्रं पाठवलीस. बाई पहाटे चारला उठवतात, सहा महिने एकच राग, भाकरी नाही चपाती असते, वाल मिळत नाहीत. मी ती पत्रं पुड्यांच्या कागदासारखी पुन्हा पुन्हा वाचायचे. फरक एवढाच की इथं पुढचं काय झालं ते पुढच्या पत्रात नक्की मिळायचं.

आणि मग तो दिवस. दिवाळी होऊन गेली होती, खळ्यात भात झोडत होतो. त्या दिवसांत हवा कशी असते, तुला आठवतं. भाताचं कुसळ, तूस, पेंढ्याची धूळ, उन्हात नुसती सोनेरी उडते. दिसायला सुंदर आणि घशात गेली की आठ दिवस खाजते. घरात दहा माणसांचा भात शिजत होता, चूल ढणढण पेटलेली, लाकडं ओली. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तू. खांद्याला बॅग, पाठीला तंबोरा. हसत होतीस. बाईंनी चार दिवसांची सुट्टी दिली होती, न कळवता आलीस, मला चकित करायला. "काकी," म्हणून हाक मारलीस आणि लगेच खोकलीस.

एकदाच खोकलीस. पण मी तो टक्क आवाज ऐकला. माळ्यावरचा.

मी धावत आले आणि तुझ्या तोंडावर पदर धरला. तुला वाटलं मी तुझं तोंड पुसतेय. मी म्हटलं, कशाला आलीस? तुझं हसू तिथंच राहिलं. मी म्हटलं, रियाज बुडतो, बाई काय म्हणतील, दीडची गाडी आहे. तुला पडवीत बसवून ताटात भात वाढला, वालाचं बिरडं वाढलं, आणि तू जेवत होतीस तेवढ्यात डबा बांधला. तुझे काका म्हणाले, "अगो, राहू दे तिला एक रात." मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते खळ्यात निघून गेले.

फाट्यावर गाडीची वाट बघत होतो. तू विचारलंस, "काकी, मी नको झाले का तुला?"

मी काय म्हटलं ते मला आठवतं. म्हटलं, "मोठी झालीस आता. असं सारखं सारखं यायचं नाय."

खरं सांगायला मला अक्कल पुरली नाही गो. धुराचं सांगितलं असतं तर तू हसून म्हणाली असतीस, काय होत नाय काकी, आणि राहिली असतीस. तू राहिलीस की मी तुला परत कधी पाठवू शकले नसते. म्हणून असं बोलले की तू राहणारच नाहीस. गाडी गेली. मी घरी आले आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढून पाणी ओतलं. दहा माणसं अर्धाकच्चा भात जेवली.

तू शहाणी. सांगितलेलं ऐकलंस. त्यानंतर आलीस ती पाहुण्यासारखी. पडवीत बसायचीस, चहा घ्यायचीस, साडी द्यायचीस, संध्याकाळच्या आत जायचीस.

तुझं पुढचं सगळं मी लांबून बघितलं. तुझे काका मुरबाडहून रेडिओ दुरुस्त करून घेऊन आले, तुझं पहिलं गाणं लागणार होतं म्हणून. आमच्या आडनावासकट तुझं नाव घेतलं रेडिओवरच्या बाईनं. नाव घेतल्यावर तुझे काका उठून उभे राहिले, का ते त्यांना पण सांगता आलं नाही. कल्याणला तुझा कार्यक्रम झाला तेव्हा आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो होतो. तुला सांगितलं नव्हतं. पाऊण तास तू एकच राग गायलीस. शेजारच्या माणसाला मी विचारलं, हा कुठला? त्यानं नाव सांगितलं. मी मनात म्हटलं, असू दे, हा घरी जायचा आहे. कार्यक्रम संपल्यावर तुझ्याभोवती इतकी माणसं होती. आम्ही शेवटची गाडी चुकेल म्हणून निघालो. चुकली नसती. अजून वेळ होता.

आणि ती रेडिओवरची मुलाखत. मी शेताच्या बांधावर बसून ऐकली. त्यांनी विचारलं, तुमच्या तंबोऱ्याचा आवाज वेगळा आहे, कुणी बनवला? तू म्हणालीस, "बनवला मिरजेत. पण वाळवला माझ्या काकीनं. चुलीवर." विचारणारा हसला, त्याला काही कळलं नाही. मी बांधावर एकटीच हसले आणि मग खूप वेळ तिथंच बसले. तू रागावलेली नाहीस, हे मला त्या दिवशी कळलं. मग येत का नाहीस, ते पण मला माहीतच होतं. मीच सांगितलं होतं.

तुझे काका गेले तेव्हा तू नाशिकचा कार्यक्रम करून तशीच आलीस. तीन दिवस राहिलीस. सुतकाचे पहिले तीन दिवस घरात चूल पेटत नाही, जेवण भावकीतून येतं. तुला आता सांगते, आणि सांगायला लाज वाटते, त्या दुःखात सुद्धा माझ्या मनात आलं होतं की बरं झालं, धूर नाही, हिला राहता येईल. तुझ्या काकांनी जाता जाता तेवढं केलं माझ्यासाठी. तू माझ्याजवळ झोपलीस, लहानपणी झोपायचीस तशी, पाय माझ्या अंगावर टाकून. चौथ्या दिवशी मी चूल पेटवायला घेतली आणि तू न सांगता बॅग भरलीस. जाताना तंबोरा ठेवून गेलीस. "माझ्याकडं आता दुसरे हायत, काकी. हा तुला सोबत."

तो पुढच्या खोलीत आहे, चुलीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीला. दर रविवारी गवसणी काढते. मेणाची भेग पदरानं पुसते. मग एकेक तार वाजवते. तीन तारा अजून काहीतरी बोलतात. चौथी, जाड, खालच्या आवाजाची, ती सैल पडलीय. नुसती फडफडते. तार आवळायच्या खुंटीला हात लावायची माझी हिंमत होत नाही. एकदा मी याचं भलं करायला गेले होते.

गेल्या महिन्यात तुझी धाकटी बहीण सांगत होती, तुझा घसा धरला होता, डॉक्टरांनी तीन आठवडे बोलायचं पण नाही म्हणून सांगितलं. आता बरा आहे म्हणाली. कशानं झालं विचारलं तर म्हणाली, हॉलमधल्या एसीनं. मी रात्रभर विचार करत राहिले. मी तुला धुरापासून राखलं, आणि तुझा गळा धरला थंड हवेनं. मग इतकी वर्षं मी कशाला राखलं, आणि कुणापासून?

तर आता नीट ऐक. घरात गॅस आलाय. दोन महिने झाले. चूल मी मागच्या पडवीत नेली, अंघोळीच्या पाण्यापुरती, आणि तू आलीस की ती पण पेटवणार नाही, गॅसवर तापवीन. माळ्यावर आता नुसतं बियाणं आहे. भात झोडायला यंत्र येतं, ते लांब शेतातच उभं राहतं. गिरणी पण विजेवर झाली, तिचा सूर बदललाय, तो कुठला आहे ते तूच येऊन सांग. मी तुला म्हटलं होतं ना, सारखं सारखं यायचं नाही. ते शब्द मी परत घेते. धुरासाठी बोलले होते, आणि धूर आता नाही.

गायला नको येऊस. घसा आताच बरा झालाय, त्याला विश्रांती दे. नुसती ती जाड तार लावून दे आणि माझ्या शेजारी बस, मी वाल सोलीन. चार दिवस तरी काढ. फाट्यावर मी येईन, गाडीची वेळ तेवढी कळव. आणि बोंबील खायचे असतील तर आधी सांग, बाहेर अंगणात भाजते. पण ये. लवकर ये.